समजुतींचे वतन

मुंबई राज्याच्या विधिमंडळाने 1950 साली परगणे व कुलकर्णी वतने नष्ट करणारा कायदा संमत केला, आणि बापाचे दफ्तर मुलाने व मुलाचे नातवाने सांभाळावे ही शतकानुशतकांची वहिवाट निदान सरकारदरबारी तरी बरखास्त झाली. गावच्या जमाबंदीचा हिशेब ठेवण्यास पगारी तलाठी आला आणि कुलकर्ण्यांजवळ आडनाव तेवढे उरले. परंतु कायद्याने खालसा झाले ते कागदावरचे वतन. ज्याची सनद कोणी लिहून दिलेली नाही आणि ज्याचा उतारा कोणत्याही कचेरीत मिळत नाही, असे एक दुसरे वतन घराघरांतून आजही निर्वेध चालू आहे. कोणते शिक्षण प्रतिष्ठेचे आणि कोणते नाइलाजाचे, कोणता धंदा आपल्यासारख्यांचा आणि कोणता नव्हे, मुलीने किती शिकावे, डोके कोणाला असते आणि कोणाला नसते, यांविषयी आईबापांच्या मनात मुरून बसलेल्या समजुती हे ते वतन होय. दहावीचा निकाल लागून मूल प्रवेशाच्या खिडकीशी उभे राहते, तेव्हा त्याच्या हातातील गुणपत्रिका नवी असली तरी डोक्यातील सनद बहुधा जुनीच असते.

तीस वर्षे एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिक्षक म्हणून घालविल्यावर, आणि त्याच काळात दोन अपत्यांचा बाप म्हणून अनेक चुका केल्यावर, या वतनाविषयी चार व्यवहाराच्या गोष्टी पालकांपुढे मांडाव्यात असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच. पालकांचा उपदेश मुले सहसा ऐकत नाहीत अशी तक्रार सार्वत्रिक आहे, आणि ती खरीही आहे. परंतु ज्या गोष्टी पालक उपदेश म्हणून बोलतच नाहीत, सहज, जेवताना, पाहुण्यांशी बोलताना, वर्तमानपत्र बाजूला ठेवता ठेवता बोलून जातात, त्या मुले इतक्या एकाग्रतेने ऐकतात की तसे अवधान आम्हां शिक्षकांच्या वाट्याला वर्गात क्वचितच आले असेल.

आपली भाषाच पाहा. मुलाला ‘सायन्सला घातलं’, धाकट्याला ‘कॉमर्सला टाकलं’, आणि शेजारच्यांचा तो ‘आर्टसला गेला’: या तीन क्रियापदांत आपले सगळे शिक्षणशास्त्र सामावलेले आहे. घातले जाते ते जपून, टाकले जाते ते नाइलाजाने, आणि जो गेला त्याच्यासाठी उसासा टाकण्यापलीकडे काही करता येत नाही. तिन्ही वाक्यांतून शिकणाऱ्याची इच्छा मात्र हद्दपार झालेली आहे. ‘त्याने इतिहास घेतला’ असे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही आपल्या बैठकीच्या खोलीत किती वेळा उच्चारले जाते, याची ज्याने त्याने नोंद घ्यावी.

माझ्याच घरातील गोष्ट सांगतो. मी मराठी आणि इतिहास शिकवीत असे, आणि गणिताशी माझे कधी जमले नाही हे मोठ्या विनोदाने सांगण्याची मला खोड होती; किराणा दुकानदाराने हिशेब सांगितला की ‘आमच्या घराण्यात आकडेमोड कुणालाच येत नाही हो’ असे म्हणून मी हसत असे, आणि दुकानदारही हसे. मुलगा तेव्हा सातआठ वर्षांचा असेल, पिशवी धरून शेजारी उभा असे. पुढे तो नववीत असताना बीजगणितात नापास झाला आणि मी रागावलो, तेव्हा त्याने अगदी शांतपणे, उद्धटपणाचा लवलेशही नसलेल्या स्वरात मला सांगितले, ‘बाबा, आपल्या घरात गणित कुणाला येतं?’ जो दस्तऐवज मी गंमत म्हणून वर्षानुवर्षे वाचून दाखवीत होतो, तो त्याने खरा मानून त्यावर सही केली होती. त्याची शिकवणी मी त्याच आठवड्यात लावली. पण मोडलेला आत्मविश्वास शिकवणीच्या फीने परत येत नसतो, आणि त्याला अकरावीत जी शाखा घ्यावयाची होती ती त्याने गणिताच्या भीतीने सोडली, हे मला आजही बोचते.

हा केवळ माझ्या घराचा अनुभव असता तर लिहिण्याचे कारण नव्हते. अमेरिकेत जॅकलिन एक्लस या मानसशास्त्रज्ञ विदुषीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी 1980 नंतरच्या दशकात पालक आणि मुले यांच्या गणितविषयक समजुतींचा जो अभ्यास केला, त्यात असे दिसून आले की आपल्याला गणित कितपत येते याविषयी मुलांचे स्वतःचे मत त्यांच्या पूर्वीच्या गुणांपेक्षाही आईबापांच्या मताशी अधिक जुळते; आणि गणित हा मुलग्यांचा प्रांत आहे असे मानणारे पालक मुलीची कुवत तिच्या प्रत्यक्ष कामगिरीच्या मानाने कमी लेखतात. कॅरल ड्वेक आणि कायला हायमोविट्झ यांनी 2016 साली प्रसिद्ध केलेले निरीक्षण तर अधिकच विचार करावयास लावणारे आहे. बुद्धी वाढते की जन्मतः ठरलेली असते याविषयी पालक मनात काय मानतात हे मुलांना फारसे उमगत नाही. परंतु अपयशाकडे पालक कसे पाहतात, त्यातून शिकता येते असे मानतात की त्याने नुकसानच होते असे मानतात, हे मुलांना बरोबर कळते, आणि त्यावरून ती स्वतःच्या बुद्धीविषयीचे अनुमान बांधतात. चाचणीत कमी गुण मिळाल्याचे मुलाने सांगितल्यावर पालक पहिला प्रश्न कोणता विचारतो, ‘कोणता भाग समजला नाही?’ की ‘वर्गात सर्वांत जास्त कुणाला पडले?’, यातून मुलाला पालकाची सगळी तत्त्वप्रणाली एका क्षणात कळून चुकते. आपला तो पहिला प्रश्न कोणता असतो, हे आधी शोधून काढावे. बाकीची सुधारणा मागाहून.

समजुतींचे हे वतन नेहमी बेड्यांचेच असते असे मात्र नाही. जयंत नारळीकरांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते, आणि घराच्या भिंतीवर मुलांसाठी फळे करून घेतलेले होते; शिक्षणासाठी घरी राहावयास आलेले मामा मोरेश्वर हुजूरबाजार त्या फळ्यावर भाच्याच्या नावे आव्हानाचे कोडे लिहून ठेवीत, आणि ते सुटेपर्यंत पुसत नसत. तू गणिती हो, असे त्या घरात कोणी बजावून सांगण्याचे कारणच नव्हते, कारण गणित हा तेथे परीक्षेचा विषय नसून घरातला एक खेळ होता. कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, यांचे उदाहरण याहून बोलके आहे. वडील आणि चुलते दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. त्यामुळे मुंबई विद्यापीठाच्या पदवी परीक्षेत पहिली आलेली ही मुलगी 1933 साली त्याच संस्थेत अर्ज करते आणि केवळ स्त्री म्हणून सर चंद्रशेखर व्यंकट रामन तिला प्रवेश नाकारतात, तेव्हा तो नकार तिला स्वतःच्या लायकीवरचा निवाडा वाटत नाही, अन्याय वाटतो. एक वर्ष उमेदवारीवर राहण्याची अपमानास्पद अट मान्य करून ती तेथे राहिली, आपले काम तिने सिद्ध केले, आणि 1939 साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली. ज्या घरात मुलीने रसायन शिकणे ही अपूर्वाई नव्हती, त्या घराने तिच्या पाठीशी उभे केलेले ते बळ होते.

याउलट, तत्त्व म्हणून जे मानले जाते ते उंबरठ्याच्या आत आल्यावर टिकतेच असे नाही, याचेही एक उदाहरण आपल्याच इतिहासात आहे आणि ते सांगताना कोणाची थोरवी कमी करण्याचा हेतू नाही. स्त्रीशिक्षणासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, 1916 साली महिलांचे विद्यापीठ उभे केले, त्या महर्षी धोंडो केशव कर्व्यांना आपल्या सूनबाईंनी, म्हणजे इरावतीबाईंनी, उच्च शिक्षणासाठी जर्मनीस जावे हे पसंत नव्हते. दिनकररावांनी पत्नीच्या बाजूने निश्चय केला, जीवराज मेहता यांच्याकडून कर्जाची तजवीज झाली, आणि बर्लिनची पदवी घेऊन परतलेल्या इरावतीबाईंनी पुढे मानवशास्त्रात केलेले कार्य सर्वश्रुत आहे. महर्षींसारख्या पुरुषाची ही गत, तर ‘आम्ही मुलगा-मुलगी असा भेद करीत नाही’ हे वाक्य आपल्यासारख्यांनी जरा सांभाळूनच उच्चारावे, आणि उच्चारण्यापूर्वी घरखर्चाची वही उघडून दोघांच्या शिकवणीच्या फिया शेजारी शेजारी मांडून पाहाव्यात. मुलीच्या बाबतीत समजुती बहुधा नकाराच्या रूपाने येत नाहीत, त्या काळजीच्या रूपाने येतात: कॉलेज लांब आहे, शेवटची एस. टी. सातला आहे, वसतिगृहाची खात्री नाही, इतके शिकल्यावर तितके शिकलेले स्थळ मिळायला हवे. यांतल्या पहिल्या तीन अडचणी खऱ्या असू शकतात आणि त्यांवर उपाय असतो. चौथी ही अडचण नसून समजूत आहे, आणि पहिल्या तिघींच्या आडून बहुतेक वेळा तीच बोलत असते.

आता मुख्य मुद्दा. पालकांच्या समजुती खोट्या असतात असे मला म्हणावयाचे नाही; त्या बहुधा खऱ्याच असतात, फक्त त्यांवर तारीख घातलेली नसते. गिरणगावातल्या कामगाराला आपला मुलगा आपल्या ओळखीने खात्यात लागेल आणि जन्माची ददात मिटेल असे वाटत असे, आणि 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू होईपर्यंत तसे वाटण्यात काही गैर नव्हते. पुण्याचे सरकारी महाविद्यालय, मुंबईचे व्हिक्टोरिया ज्युबिली, सांगलीचे वालचंद अशी अभियांत्रिकीची मोजकीच ठिकाणे होती, तेव्हा तेथे प्रवेश मिळणे म्हणजे भाग्य उजळणे होते, ही समजूतही तितकीच सप्रमाण होती; 1983 साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित खाजगी महाविद्यालयांना परवानगी दिली, जागा झपाट्याने वाढल्या, पुढे काही शाखांत त्या रिकाम्याही राहू लागल्या, परंतु ‘इंजिनिअर झाला की सुटला’ ही जुनी समजूत मात्र नव्या फीच्या पावतीसह चालूच राहिली. सरकारी नोकरीत निवृत्तिवेतन असते, म्हणून ती श्रेष्ठ, असे सांगणाऱ्या पालकाने हेही सांगावे की 1 नोव्हेंबर 2005 पासून राज्य सेवेत रुजू झालेल्यांना ते जुने निवृत्तिवेतन लागू राहिले नाही, त्याच्या जागी अंशदायी योजना आली आणि तीतही पुढे फेरबदल होत गेले. नोकरी तरीही चांगली असू शकेल. परंतु ज्या कारणासाठी ती चांगली म्हटली जाते ते कारण तपासलेले असावे.

म्हणून माझी पहिली व्यवहार्य सूचना अशी की, मूल आठवीत-नववीत असतानाच, म्हणजे निकालाची धावपळ सुरू होण्याच्या पुष्कळ आधी, आईने आणि वडिलांनी स्वतंत्रपणे एकेक वही घेऊन शिक्षण आणि चरितार्थ यांविषयीच्या आपल्या समजुती लिहून काढाव्यात. प्रत्येक समजुतीपुढे ती कोणाकडून आली, साधारण कोणत्या साली आली, आणि त्यानंतर आपण ती कधी पडताळली, हे प्रामाणिकपणे नोंदवावे. ‘कॉमर्सला स्कोप नाही’ हे काकांनी कोणत्या वर्षी सांगितले? त्या वर्षी काका स्वतः काय करीत होते? दोघांच्या वह्या मग समोरासमोर ठेवाव्यात. पतिपत्नींचे याबाबतीत किती बेबनाव असतात आणि ते किती वर्षे अबोल राहिलेले असतात, हे त्या संध्याकाळी कळते. थोडा वाद होईल, चहा थंड होईल, पण तो वाद मुलाच्या देखत आणि प्रवेशाच्या अखेरच्या दिवशी होण्यापेक्षा तेव्हा झालेला बरा. वहीतील ज्या समजुतींना आधार सापडेल त्या मुलाला माहिती म्हणून सांगाव्यात; ज्यांना सापडणार नाही त्या आपली भीती म्हणून सांगाव्यात, आणि ‘मला याची भीती वाटते’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे. भीती कबूल करणाऱ्या बापाचे मूल ऐकून घेते. भीतीला जगाचा नियम म्हणून पुढे करणाऱ्या बापाशी ते एक तर भांडते किंवा गप्प बसते, आणि गप्प बसणारे मूल पटवून घेऊन गप्प बसले आहे, असा गोड समज करून घेऊ नये.

येथे थोडे विषयांतर होईल, पण माझ्या वडिलांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. ते पाटबंधारे खात्यात कारकून होते, आणि ज्याला टंकलेखन येते तो उपाशी मरत नाही ही त्यांची अढळ श्रद्धा होती. मॅट्रिकची परीक्षा संपल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला टायपिंगच्या वर्गात नेऊन बसविले, आणि मराठी तीस शब्द व इंग्रजी चाळीस शब्द अशा दोन्ही परीक्षा मी दातओठ खात दिल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर जी कारकुनी होती ती मला कधी करावी लागली नाही. तीस वर्षांनी शाळेत संगणक आला, आणि सारे शिक्षक एका बोटाने अक्षरे शोधीत बसले असताना माझी दहाही बोटे चालत होती, तेव्हा वडील नव्हते. समजुतीचे कारण चुकीचे ठरूनही तिचे फळ कधी कधी असे पदरी पडते. त्यामुळे घरातल्या वडीलधाऱ्यांच्या जुन्या समजुतींना हसून त्या एकजात केरात टाकणाऱ्यांच्या पंगतीतही मला बसावयाचे नाही.

ज्यांच्या घरात यापूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, त्या पालकांची समजूत वेगळ्या प्रकारची असते. ‘आम्हांला काय कळतंय गुरुजी, तुम्हीच बघा’ असे म्हणून ते हात जोडतात, आणि ती नम्रता पाहून शिक्षकाला बरे वाटत असले तरी मुलाच्या कानी त्याचा अर्थ पडतो तो असा की, हे जग आपले नव्हे. अशा पालकांनी सुभेदार रामजी सकपाळांचे स्मरण ठेवावे. परळच्या चाळीतील एकाच खोलीत, जेथे झोपावयासही पुरेशी जागा नसे, ते स्वतः जागून रात्री दोन वाजता भीमरावांना अभ्यासाला उठवीत आणि मगच आपण पाठ टेकीत. पुस्तकासाठी पैसे नसले तर ते उसने आणीत. पदवी, विद्यापीठ, परदेश यांची वाट त्या घरात कोणी चालून गेलेले नव्हते. वाट माहीत नसूनही मुलाच्या चालण्यावर विश्वास ठेवता येतो, आणि जी माहिती आपल्याजवळ नाही ती मिळविण्यासाठी शाळेतील शिक्षक, जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील निदेशक, तंत्रनिकेतनाचे कार्यालय, ओळखीतील एखादी परिचारिका किंवा लेखापाल यांच्याकडे मुलाला बरोबर घेऊन जाता येते. मुलाला बरोबर घेऊन, या शब्दांकडे लक्ष असावे.

प्रत्यक्ष काम पाहण्याइतका उपयोगी दुसरा उपाय मला ठाऊक नाही. काही वर्षे राज्य मंडळाने दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली. अशा चाचण्या निरुपयोगी नसतात, परंतु त्यांचा निष्कर्ष हे पंचांग नव्हे, आणि पुष्कळ पालक तो तसाच वाचतात. वकील व्हावयाचे म्हणणाऱ्या मुलीला जिल्हा न्यायालयात दोन दिवस बसवावे, म्हणजे तारीख पडणे म्हणजे काय ते तिला कळेल. शेती करीन म्हणणाऱ्याला चार पहाटे बाजार समितीच्या लिलावाला न्यावे. चार्टर्ड अकाउंटंटच्या कार्यालयात मार्च अखेरीस किती वाजता दिवे मालवतात ते पाहू द्यावे. यातून मुलाचा भ्रम जसा दूर होतो तसा पालकाचाही होतो, कारण नळजोडणी करणारा, यंत्र दुरुस्त करणारा, वीजतंत्री यांची दिवसाची मिळकत ऐकून पांढरपेशा पालकाच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो तो मी अनेकदा पाहिला आहे.

पैशाचा विषय मुलापासून लपविण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि ती प्रेमापोटी पडलेली असली तरी घातक आहे. घरात काय येते, काय जाते, शिक्षणासाठी किती बाजूला आहे, जमीन किंवा दागिना मोडण्याची तयारी आहे की नाही, हा सारा जमाखर्च सोळा वर्षांच्या मुलापुढे मांडावा. शैक्षणिक कर्ज घ्यावयाचे असल्यास अभ्यासक्रम चालू असताना आणि त्यानंतर साधारण वर्षभर हप्ता भरावा लागत नाही, व्याज मात्र त्या काळातही चढत असते, हे त्याला कागदावर आकडे घालून दाखवावे. ‘तुझ्यासाठी आम्ही काय काय केलं’ हा तगादा पुढे दहा वर्षे लावण्यापेक्षा ‘आपल्याला एवढेच जमेल’ हे आधी एकदा सांगणे अधिक दयाळूपणाचे आहे.

स्पर्धा परीक्षांच्या बाबतीत मुदत ठरविण्याचे काम घरानेच करावे लागते, कारण आयोगाची मुदत फार लांब आहे. खुल्या प्रवर्गासाठी राज्यसेवेची वयोमर्यादा 38 वर्षे आणि केंद्रीय लोकसेवा परीक्षेची 32 वर्षे व सहा प्रयत्न अशी आहे. पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकांतून तिशी ओलांडलेले जे तरुण सकाळी सातला जागा धरून बसतात, त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरी ‘अजून एकदा’ आणि ‘आता पुरे’ यांतले काहीच स्पष्टपणे बोलले गेलेले नसते. साहेब होऊन गावात येण्याचे स्वप्न अनेकदा बापाचे असते, आणि परतण्याची लाज मुलाची. तयारी सुरू करतानाच किती वर्षे, किती खर्च, आणि त्यानंतर काय, हे तिन्ही लिहून ठेवावे. दुसरा मार्ग म्हणून एखादी पदव्युत्तर पदवी किंवा कौशल्य त्याच वर्षांत चालू ठेवावे. आणि ठरलेला दिवस येईल तेव्हा घरी परतणाऱ्या मुलाच्या स्वागतात दुखवट्याची छटा येऊ देऊ नये.

एक समजूत मात्र सर्व घरांत सारखीच आढळते आणि तिला कोणताही आधार नाही: एकदा वाट चुकली की संपले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून वीजतंत्री किंवा जोडारीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यास तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोय आहे, पदविका पूर्ण करणाऱ्यास अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात आहे. वाणिज्य किंवा विज्ञान कोणत्याही शाखेचा पदवीधर पुढे तीन वर्षांची विधी पदवी घेऊ शकतो. शाळा सुटलेल्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर कला, विज्ञान, वाणिज्य यांमधील भिंती कडक असू नयेत असे स्पष्टच म्हटले आहे. अंमलबजावणी कशी आणि कधी होते ते पाहावयाचे. वर्ष वाया जाणे ही आपत्ती आहे खरी, पण ती किती वर्षांच्या आयुष्यातील एक, याचे भान पालकाला राहिले की मुलालाही राहते.

हे सारे वाचून कोणी असा अर्थ काढील की मुलाला हवे ते करू द्यावे, तर तो मला अभिप्रेत नाही. ‘तुला हवं ते कर’ हे वाक्य उदार वाटते, परंतु पुष्कळदा ते जबाबदारी झटकण्याचे सभ्य रूप असते, आणि सोळा वर्षांच्या मुलाला जे हवे असते तेही त्याच्या मित्राने, भ्रमणध्वनीवरील चित्रफितींनी किंवा एखाद्या शिकवणीवर्गाच्या फलकाने त्याच्या मनात घातलेले असू शकते. समजुती काही केवळ आईबापांकडेच असत नाहीत. आपल्या ऐपतीबाहेरची फी, पत्ता नसलेल्या संस्थेची पदवी, कोणत्याही प्रत्यक्ष ओळखीवाचून घेतलेला निर्णय यांना हरकत घेणे हा पालकाचा अधिकार आहे, आणि तो त्याने बजावावा. मात्र हरकतीसोबत कारण द्यावे, आणि मुलाने ते कारण खोडून काढल्यास हरकत मागे घेण्याची तयारी ठेवावी. अन्यथा ती हरकत राहत नाही, फर्मान होते.

अकरावीच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेत जास्तीत जास्त दहा महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरता येतो, आणि पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तेथे प्रवेश घेणे बंधनकारक असते. न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्यांतून मूल बाद होते. म्हणून पहिल्या ओळीत पालकाच्या समाधानासाठी एक नाव आणि दुसऱ्या ओळीत मुलाच्या मनातले दुसरे, अशी तडजोड बहुतेक घरांतून होते ती करू नये. क्रम मुलाने कागदावर स्वतःच्या हाताने लिहावा, प्रत्येक नावापुढे एका ओळीत कारण लिहावे, आणि तो कागद रात्रभर तसाच ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी पालकाने वाचावा. वाचताना हातात पेन्सिल घेऊ नये. संगणकावर अर्ज कायम करण्याची कळ मुलाने दाबावी, आणि त्या वेळी आपण शक्यतो स्वयंपाकघरात असावे.